आधी बॅटरी सोड

आत्या, तुझ्या तेराव्याला शेठ आला होता.

पांढरा शर्ट घालून आला. चपला दाराबाहेर काढल्या, तुझ्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आईने दिलेलं पाणी अर्धं पिऊन म्हणाला, "बाई लाख में एक थी. लेकिन उस दिन खुद ही बोल बैठी, बॅटरी छोडो. अब क्या करें." आणि फोटोकडे असं पाहिलं, जणू तू त्याचं नुकसान केलंस आणि त्याने मोठ्या मनाने तुला माफ केलं.

ज्या माणसाने उभा जन्म कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटली, ज्याच्या उरलेल्या पत्रकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, तो तुझा भाऊ, माझे बाबा, पाण्याचा ग्लास उचलून आत निघून गेला. मी मात्र बोलले. आत्या असं म्हणणं शक्यच नाही, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. शेठ रागावलाही नाही. "जिसने सुना उसने लिखवाया है, बेटी. मैंने नहीं." चपला घातल्या, गेला.

म्हणजे चौकशीच्या साहेबांपुढे हे असं जाणार होतं: काशीमीऱ्याच्या गोदामातली आग तुझ्या सांगण्यावरून लागली. काम लवकर उरकावं म्हणून बॅटरी जागच्या जागी राहू द्या, असं तूच सांगितलंस. तू जळालीस ती जळालीस, वर गुन्हेगारही तूच. आणि शेठचं शटर पुन्हा वर.

तू. बॅटरीचं जिला वेड होतं ती.

मला खारी गावातला तुझा दुरुस्तीचा कोपरा आठवतो. आपल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. एक टेबल, एक भिंग, एक दिवा आणि ते उंच स्टूल. तुझे दोन्ही गुडघे वाकत नव्हते. खाली बसणं तुला जमतच नव्हतं. देवाला नमस्कारसुद्धा उभ्याने करायचीस. आजी कुरकुरली की म्हणायचीस, "देवाने माझा एक्स-रे बघितलाय."

अंधेरीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत वीस-बाविसाव्या वर्षापासून तू यंत्रांतल्या तारांच्या पट्ट्या बसवल्यास. कंपनी बंद पडल्यावर त्याच पट्ट्या सोडवायचं दुकान मांडलंस. मला पहिल्यांदा दाखवलंस तो झाकणाचा मोबाईल होता, शेजारच्या काकूंचा, पडदा गेलेला. आत कागदाहून थोडी जाड, तपकिरी, चपटी पट्टी. तिच्यात केसासारख्या तारा एकीला लागून एक. पट्टीचं टोक एका फटीत शिरलेलं आणि फटीवर काळं लॉक, नखाच्या कडेएवढं.

"काय दिसतंय?"

"पट्टी."

"पट्टी सगळ्यांनाच दिसते, म्हणून तर सगळे ती ओढतात. लॉक बघ."

मग तू एकेक दाखवलंस. काही लॉक दारासारखं वर उघडतं. काही टेबलाच्या खणासारखं पुढे सरकतं, पण दोन्ही कान धरून, थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने. एकाच कानाला जोर दिला की तो तुटतो, आणि मग ती फट पट्टीला जन्मात धरत नाही. काही पट्ट्यांना लॉक नसतंच. त्यांची टोकं शर्टाच्या दाबाच्या बटणासारखी बसलेली असतात, त्यांना खालून हळूच सरळ वर उचलायचं. "आधी हे कुठल्या घरचं आहे ते बघायचं. सरकणाऱ्याला उचललंस तरी मेलं, उचलायच्याला सरकवलंस तरी मेलं." लॉक उघडलं की पट्टी आपोआप सैल पडते. मग तिला टोकाजवळच्या कडक भागाला धरून सरळ मागे घ्यायचं. वर नाही, तिरकं नाही. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं, कारण जोर लागतोय म्हणजे कुठेतरी अजून बंद आहे.

आणि या सगळ्याच्या आधी बॅटरी. आत करंट आहे तोवर पट्टीला हात नाही. लोखंड तर कधीच नाही.

लोखंडी चिमट्याऐवजी तुझ्याकडे हीर होती. खराट्यातली, माडाची. ब्लेडने तासून टोक चपटं केलेलं. रत्नागिरीहून कोणी आलं की लोक आंबे मागायचे, तू खराटा मागायचीस. काम नसलं की ती हीर अंबाड्यात खोवलेली असायची. "परदेशातून प्लास्टिकची हत्यारं येतात म्हणे याच्यासाठी. येऊ देत. ती काय केसांत शोभणारेत?"

तू काही संत नव्हतीस, आणि मेल्यावर तुला तसं करायचा माझा विचार नाही. पत्रकांसाठी मी जुना स्कॅनर आणला, तो अडकला, आणि तू सगळ्या जिन्याला बोलावून त्याचं ऑपरेशन करायला घेतलंस. झेरॉक्सवाल्याकडे बघत, बोलत बोलत पट्टी ओढलीस. फाटली. लगेच माझ्याकडे वळून म्हणालीस, "दिवा कोणी हलवला?" दिवा कोणीही हलवला नव्हता. तो स्कॅनर अजून माळ्यावर आहे.

आपलं खरं भांडण शब्दावरून होतं.

तुझ्या तोंडी 'काढ' नव्हतं, 'ओढ' नव्हतं. 'सोड' होतं. गाठ सोडतात, वेणी सोडतात, गोठ्यातली गुरं सोडतात, तशी पट्टी सोड, बॅटरी सोड. मी टँकरवाल्यांवर पत्रक लिहिलं तेव्हा ते तुला वाचून दाखवलं होतं. 'टँकरची साखळी तोडा.' तू भिंगातून मान वर केली नाहीस.

"तोडल्यावर पाणी कुठून येणार, ते लिहिलंस?"

"ते पुढच्या पत्रकात."

"तोपर्यंत अंघोळ तुझ्या पत्रकाने करू? तुम्हा बापलेकीचं कायम तोडा, फोडा, उखडून टाका. एकदा तरी सोडवा असं लिही गो, पत्रकवाली."

मी म्हणाले, मालक लोक सोडवण्याची वाट बघत बसत नाहीत, त्यांच्यासमोर तोडावंच लागतं. तू म्हणालीस, तोडायला अक्कल लागत नाही. मला राग आला. अजून येतो. कारण मला अजूनही वाटतं, काही गोष्टी तोडाव्याच लागतात. हे भांडण संपवल्याशिवाय तू गेलीस.

मग मोबाईल स्वस्त झाले, दुरुस्तीला कोणी येईना, आणि तू काशीमीऱ्याला गेलीस. हायवेच्या मागे, गॅरेजच्या रांगेतलं ते गोदाम. बिघडलेले, परत आलेले, कुठून कुठून उचललेले डीव्हीडी प्लेयर, हातात मावणारे, पडदा असलेले. ते उघडायचे, पडदा वेगळा, पट्ट्या वेगळ्या, बोर्ड वेगळे. शेठला पट्ट्या अख्ख्या हव्या होत्या, म्हणून त्याला तू हवी होतीस. बायकांना शिकवायला.

मी एकदा दुपारी तुझा डबा घेऊन आले होते. बाहेर लख्ख ऊन, ट्रक, टायरवाले. आणि तुमचं शटर कमरेपर्यंत खाली. आतल्या कामाला परवाना नव्हता, म्हणून आतलं कोणाला दिसू नये. मी वाकून आत आले आणि पहिल्यांदा काही दिसलंच नाही. नुसता वास. जळकं प्लास्टिक आणि त्यात काहीतरी गोडसर. मग ट्यूबलाइटखाली बायका दिसायला लागल्या, खाली मान घातलेल्या, अंबाड्यात हिरी. मागे भिंतीला थर्माकोलचे ढीग छतापर्यंत. आणि त्या बॅटऱ्या. चपट्या, चांदीच्या पुडीसारख्या. काही फुगलेल्या. एका टोपलीत त्या एकावर एक पडल्या होत्या, आणि मला काहीही माहीत नसताना त्या टोपलीकडे पाठ करून उभं राहवेना.

"आत्या, तू इथे आत कशी येतेस? तुला वाकता येत नाही."

"सकाळी माझ्यासाठी शटर वर करतात. संध्याकाळी परत करतात. राणीसारखी येते-जाते."

"आणि मधे?"

"मधे मला कुठे जायचंय?"

तेवढ्यात एक बिहारची बाई पुढ्यातला प्लेयर दाखवत म्हणाली, "दीदी, सोड दिया." तुझा शब्द त्या गोदामाचा झाला होता. हिंदीत बसला होता. "पहले बॅटरी सोड, फिर पट्टी," असं तू दिवसभर म्हणायचीस, आणि त्या सोडायच्या. मला मजा वाटली आणि का कोण जाणे, भीतीही. संध्याकाळी तुझ्याबरोबर परत येताना रिक्षात मी म्हणाले, यांना हिंदीत सांग ना सरळ, 'निकालो'.

"नाही. निकालो म्हटलं की उपटतात. मी ऐकलंय ना कंपनीत. तोंडातून शब्द जसा निघतो, तसाच हात चालतो."

"आणि कोणाला तुझा शब्द कळला नाही तर?"

"मी असते ना समोर."

तू होतीस समोर. आग लागली त्या दुपारीही होतीस. स्टुलावर, आत, टोपलीजवळ.

मला जे कळलं ते सुनंदाकडून. सुनंदा राई गावची, तुझ्या शेजारी बसणारी, तिला तू म्हावरंवाली म्हणायचीस आणि ती तुला मास्तरीण. शेठने त्या आठवड्यात हिरी बंद केल्या होत्या. हळू चालतात म्हणून. सगळ्यांना लोखंडी चिमटे दिले. तू चिमटा बाजूला टाकून केसातली हीरच वापरलीस, त्यावरून तुझं शेठशी वाजलं. नवीन आलेल्या आशादेवीला मात्र कोणी हीर दिली नव्हती. ती तुझ्यापासून दूर, थर्माकोलच्या बाजूला बसलेली. तिने झाकण उघडलं, आता काय ते विचारलं, तू ओरडून सांगितलंस. मग चिमटा सरकला आणि बॅटरीची पुडी फुटली. सुनंदा म्हणाली, "आधी फटाक्यागत फुस्स झाला. मंग सगला पांढरा. काय्येक दिसना."

बायका शटरखालून रांगत बाहेर आल्या. शटर वर जाईना, उष्णतेने अडकलं. तू एकेकीला ढकलत होतीस. सगळ्यांत शेवटी तू शटरपाशी आलीस. बाहेरून सुनंदाला तुझे पाय दिसत होते. तिने तुझा पाय धरला, म्हणाली, बस, मास्तरीण, खाली बस.

तुझे गुडघे.

मी यापुढे सुनंदाला विचारलं नाही, आणि तुलाही विचारत नाही.

शेठ आला त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. सरसर उतरलं. वरती मोठ्या अक्षरात, 'मालकाने विकत घेतलेली साक्ष'. आशादेवीचं नाव घालून, कारण तुझं सांगणं ऐकून लिहून देणारी तीच असणार. मला वाटलं, बाबांसारखं लिहिलंय. ते कोणाकडे झेरॉक्सला देण्याआधी तिला समोरासमोर गाठावं, म्हणून सुनंदाला घेऊन गेले. काशीमीऱ्याला, गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांत. तिच्या उजव्या हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या, कोपरापर्यंत. तिने डाव्या हाताने चटई घातली.

मी बसले नाही. विचारलं, "शेठने क्या दिया?"

"दवाई का भी नहीं दिया."

"फिर झूठ क्यों लिखवाया? मेरी आत्या ऐसा बोल ही नहीं सकती."

ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरलेली होती, पण नजर खाली घातली नाही. "झूठ नहीं लिखवाया. दीदी बोली. हम सुने."

"क्या बोली? जैसा बोली वैसा बोलो."

तिने डोळे मिटले. आणि आत्या, त्या पत्र्याच्या खोलीत तुझा आवाज आला. तुझी ती ओढलेली, घाईतली हाक. "पहले बॅटरी सोड, फिर पट्टी."

माझ्या हातात ते घडी केलेलं पत्रक होतं.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली. आशादेवीने आमच्या दोघींकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "सोड माने छोड ही ना?"

आत्या, त्या क्षणी तू हवी होतीस. तुझं नाव सोडवायचं तर मला एवढंच बोलायचं होतं: नाही. सोड म्हणजे खोल. सोड म्हणजे आधी बॅटरी वेगळी कर. आणि हे बोलले की आग तिच्या हाताशी जाऊन चिकटणार, आयुष्यभरासाठी. न बोलले तर ती तुझ्या नावाला चिकटून राहणार. माझ्या सगळ्या पत्रकांत अशा वेळी काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे एक शत्रू असतो आणि तो शेठच असतो.

जोर लागतोय म्हणजे कुठेतरी अजून बंद आहे. म्हणून मी आधी बसले. तिच्या चटईवर, मांडी घालून. म्हणाले, "दोनों. छोड भी होता है, खोल भी. दारू सोड माने छोड दो. गाठ सोड माने खोल दो. आत्या बोल रही थी, खोल दो."

बाहेर कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. मग ती आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "तो हमसे हुआ."

"शटर तुमने गिराया था? चिमटा तुमने दिया था? तुमको किसी ने सिखाया था?"

"नहीं."

सुनंदा भिंतीकडूनच म्हणाली, "मास्तरीण तिला दुसऱ्या दिवशी हीर देनार व्हती. तासून ठेवलेली. माज्या डब्यात हाय अजून." मग नाक ओढून, "आपल्या मराठीचा पन काय सांगू. एकच शब्द, आन् दोन घरचा."

मी आशादेवीला म्हणाले, पत्रकात तुझं नाव येणार नाही. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने मान हलवली. "नाम लिखो. लिखो कि हमने सुना था. हम बहरे नहीं हैं, लापरवाह नहीं हैं. दीदी ने जो बोला, वही हमने माना."

तिथून बाहेर पडल्यावर मी माझं पत्रक फाडलं. तोडायची तेवढी हौस मी करून घेतली. नवं चार ओळींचं आहे. 'शालनबाई म्हणाल्या, सोड. आशादेवीने ऐकलं आणि मानलं. दोघींची चूक नव्हती. शटर अर्धं खाली होतं.' खाली तेच हिंदीत. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, विचारलं, "'तोडा' कुठेच नाही?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "शालीला आवडलं असतं," आणि मग पहिल्यांदा रडले.

आशादेवी साहेबांसमोर हे सगळं पुन्हा बोलली, तुझ्या आवाजात. साहेबांनी लिहून घेतलं. पुढे काय, ते कोणी सांगत नाही.

आणि आता तुला जे सांगायचं मी टाळतेय ते. तू 'निकालो' म्हणाली असतीस, तर फार तर एक पट्टी फाटली असती. हे मला रोज वाटतं. मग वाटतं, तुझ्या शब्दाने इतके दिवस इतक्या बायकांचे हात शाबूत ठेवले, त्याचं काय. मी तुझ्याशी भांडते आणि मधेच हरते, मग पुन्हा भांडते. तू असतीस तर म्हणाली असतीस, दिवा कोणी हलवला. कर ना एकदा तसं. ढकल माझ्यावर.

गोदाम पुन्हा सुरू झालं. शटर नवं आहे, निळं, आणि पूर्वीसारखंच कमरेपर्यंत खाली. सुनंदा परत कामाला गेली, हात बरा झाल्यावर आशादेवीही गेली. मी नका जाऊ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मग कुठे जा, ते माझ्याजवळ नव्हतं. शेठने चिमटे परत घेतले नाहीत. त्याने एकच नवा नियम केला: काम करताना कोणी बोलायचं नाही. बोलण्यावरूनच आग लागली ना.

म्हणून आता त्या बोलत नाहीत. हिरी अंबाड्यात लपवून आत नेतात. झाकण उघडलं की हिरीने टेबलावर दोनदा टकटक करतात, म्हणजे आधी बॅटरी. शेजारणीने उलट टकटक केली की मगच पुढे. आशादेवीजवळ तू तासलेली हीर आहे.

मी दुपारी पत्रकं घेऊन समोर उभी राहते. काही जण घेतात, काही जण पुढे जाऊन टाकतात. ट्रक जातात, आणि त्या आवाजात आतली टकटक ऐकू येत नाही. मग मी रस्ता ओलांडते, शटरपाशी जाते आणि वाकून आत बघते. माझे गुडघे वाकतात, आत्या. काळोखात पाय दिसतात. मी कान देते.